घरा मिस्तरी आला

चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांना 'हे स्पष्ट दिसतंय की ते' असं विचारणाऱ्या बाईला, तुला काय ऐकू येतं, असं कुणी कधी विचारत नाही. धाकटी अठरा वर्षं त्या दुकानात लोकांचे नंबर काढत होती. वय सेहेचाळीस, तरी घरात ती धाकटीच. वर एक ताई होती, आणि ताई असेपर्यंत हिला बढती मिळण्याची शक्यता नव्हती.

दुकानाच्या काचेच्या दारावर एका सकाळी रेकॉर्डच्या दुकानदारानं पोस्टर चिकटवलं. जुन्या जलतरण तलावात, सलग तीन रात्री, आपल्याच शहरातल्या पॉवर पॉप बँड्सचा महोत्सव. धाकटीनं ते आतून, म्हणजे उलटं वाचलं आणि जेवणाच्या सुट्टीत जाऊन तिन्ही रात्रींचा मनगटाला बांधायचा पट्टा घेऊन आली.

"पॉवर पॉप म्हणजे काय असतं?" नवऱ्यानं विचारलं. गाण्यातलं त्याला फक्त संपलेलं कळायचं.

"गिटार जोरात, चाल गोड, तीन-चार जण एका सुरात, मधेमधे टाळ्या. आणि तीन मिनिटांत प्रेमभंग आटोपलेला."

"तीन मिनिटांत आटोपतो, तर तीन रात्री कशाला?"

धाकटीनं पट्टा बांधला, जाड तळाचे बूट घातले आणि निघाली.

तलावातलं पाणी काढून कित्येक वर्षं झाली होती. ऐकणाऱ्यांनी तलावाच्या आत उभं राहायचं, अशी व्यवस्था होती. उथळ बाजूला गुडघे जपणारी मंडळी, खोल बाजूला उड्या मारणारी, आणि त्यांच्या डोक्यावर, पूर्वी जिथून सूर मारायचे त्या कठड्यावर स्टेज. भिंतीवर अजून 'उडी मारू नये' असं लिहिलेलं होतं आणि त्याच्या बरोबर खाली सगळे उड्या मारत होते. तळाला उतार असल्यामुळे नुसतं डोकावायला म्हणून उथळ बाजूला उभा राहिलेला माणूसही तिसऱ्या गाण्यापर्यंत घसरत घसरत खोलात पोचायचा. धाकटी दुसऱ्याच गाण्याला पोचली.

शहरात पॉवर पॉप वाजवणारे एकूण सहाच बँड निघाले. त्यामुळे तिन्ही रात्री तेच सहा, फक्त क्रम बदलून. पहिल्या रात्री चौथ्या नंबरला आला 'अपुरा पत्ता'. त्यातले चौघंही पोस्टात नोकरीला. ड्रमवर दिवसभर शिक्के मारणारा होता आणि ते त्याच्या हातावरून लगेच लक्षात येत होतं. गाणारी टपाल वाटणारी बाई होती. सगळे तिला टपालवालीच म्हणत. पोटऱ्या दणकट, आवाज त्याहून दणकट.

"आता एक गाणं जे आमचं नाही," टपालवाली माइकमध्ये म्हणाली. "आम्ही एक जुना टेपरेकॉर्डर घेतला. त्यात एक कॅसेट अडकलेली होती. वर नुसतं 'अडीच बहिणी' एवढंच लिहिलेलं. कोण, कुठल्या, काही पत्ता नाही. पण गाणं असं आहे की आम्ही ते सोडू शकलो नाही."

धाकटीच्या हातातला सरबताचा पेला तसाच राहिला.

अडीच बहिणी म्हणजे ताई, धाकटी आणि ड्रम वाजवणारी एक मावसबहीण. ती निम्म्याच तालमींना यायची, म्हणून अर्धी. अठ्ठावीस वर्षांपूर्वी मावशीच्या गॅरेजमध्ये, स्कूटर बाहेर काढून, त्यांनी चार गाणी टेप केली होती. चाळीस कॅसेट काढल्या. सोळा खपल्या, त्यातल्या नऊ नातेवाइकांना. मग मावसबहीण परदेशी गेली, ताईचं लग्न झालं आणि बँड विरघळून गेला. गाणी लिहायची धाकटी, गायची ताई. धाकटी मागे उभी राहून वरचा सूर लावायची.

गिटार वाजली. तोच ठेका, तीच चाल, त्याच जागी दोन टाळ्या. धाकटीच्या अंगावर सरसरून काटा आला. आणि मग टपालवालीनं तोंड उघडलं.

"घरा मिस्तरी आला, कडी माझी मोडू नको..."

धाकटीनं कान टवकारले. तलावातल्या फरश्यांमुळे एक शब्द चारदा ऐकू येई आणि दर वेळी थोडा वेगळा. तिला वाटलं, आपणच चुकीचं ऐकलं. पण पुढच्या फेरीला सगळा तलाव ओरडला. घरा मिस्तरी आला. कडी माझी मोडू नको.

तिनं लिहिलं होतं ते असं: 'गरम इस्त्रीवाल्या, घडी माझी मोडू नको.'

आपलं पोर हरवावं, अठ्ठावीस वर्षांनी सापडावं आणि ते भलत्याच घरचे कपडे घालून यावं, असं काहीसं तिला झालं. हसावं की रडावं ते ठरेपर्यंत गाणं संपलंसुद्धा. तीन मिनिटांचंच होतं.

कार्यक्रम संपल्यावर ती तडक मागे गेली. बायकांच्या कपडे बदलायच्या जुन्या खोलीत बँडवाले तारा गुंडाळत होते.

"ते गाणं माझं आहे," धाकटी म्हणाली. "आणि ते मिस्तरी नाही, इस्त्री आहे."

टपालवालीनं तिच्याकडे पार्सलावरचा पत्ता वाचावा तसं पाहिलं. "मागच्या महिन्यात एक गृहस्थ आले होते. त्यांचं म्हणणं, गाणं त्यांच्या आत्याचं आहे."

"त्यांच्या आत्याला विचारा, दुसऱ्या कडव्यात काय आहे."

"'मापात तुझा चेहरा'," टपालवाली लगेच म्हणाली.

"'वाफेत'. वाफेत तुझा चेहरा. इस्त्रीची वाफ असते ना, ती."

"हे बघा, आम्ही ती टेप दोनशे वेळा ऐकलीये. मिस्तरी, कडी, माप. सगळं जुळतंय. मिस्तरी दुरुस्तीला येतो, ती त्याच्या प्रेमात पडते, तो माप घेतो. इस्त्रीवाला कुठून आला यात?"

"लाँड्रीतून आला," धाकटी चिडून म्हणाली. "'गरम'मधला म पुढे सरकलाय. गरम इस्त्री, गर मिस्त्री. म्हणून बघा."

शिक्केवाल्यानं हळूच म्हणून पाहिलं. मग अजून एकदा. "होऊ शकतं," तो म्हणाला.

"होऊ शकतं म्हणून गाणं बदलत नसतात," टपालवाली म्हणाली. "कुणाला तरी घेऊन या, जो सांगेल."

दुसऱ्या दिवशी दुपारी धाकटी ताईच्या लाँड्रीत गेली. पुढे काउंटर, त्यावर ताई, मागे पडदा, आणि पडद्यामागे वाफेच्या फुसकाऱ्यांत भावजी. ताईचा नवरा म्हणजेच तो गाण्यातला इस्त्रीवाला. तेव्हा तो सायकलवरून घरोघरी कपडे पोचवायचा, आणि धुतलेला शर्ट असा हातात ठेवायचा की घडी उलगडायला जिवावर यावं. गाण्याच्या पहिल्या कार्यक्रमाला तो सगळ्यात पुढे उभा होता. दुसऱ्या दिवशी कपड्यांच्या गठ्ठ्यातून त्यानं ताईला चिठ्ठी दिली आणि सहा महिन्यांत लग्न.

सगळ्यांना ठाऊक असलेली हकिकत अशी, की धाकटीनं गाणं ताईसाठी लिहिलं. ताईला तो आवडायचा, पण बोलायची चोरी. मग हुशार धाकटीनं तिच्या तोंडी गाणं घातलं. प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात ताई हे रंगवून सांगायची. धाकटी शेजारी बसून मान हलवायची. गाणं लिहिताना तिच्या डोक्यात ताई अजिबात नव्हती, हे तिनं कुणालाच सांगितलेलं नव्हतं. पुढे तिला चांगला नवरा मिळाला, संसार झाला, आणि ती गोष्ट कपाटाच्या वरच्या फळीवर गेली. फक्त एक सल राहून गेला होता. त्यानं एवढं गाणं ऐकलं, त्याला कळलं, आणि त्यानं गाणारीला निवडलं. शब्द कुणाचे, हे विचारलंसुद्धा नाही.

"मिस्तरी?" ताईनं हातातली पावती खाली ठेवली. "माझ्या नवऱ्याचा मिस्तरी केला?"

"हळू बोल. आत ऐकू जाईल."

"जाऊ दे की. माझं लग्न त्या गाण्यावर उभं आहे. उद्या कुणी म्हणेल, हिचं एका मिस्तरीशी सूत होतं. चल, आज मी येते."

"तू कशाला? तुला गर्दी सोसत नाही."

"मला चुकीचं सोसत नाही," ताई म्हणाली.

संध्याकाळी ताई आली ती गळ्याभोवती रुमाल गुंडाळून. मोठ्या आवाजानं घसा बसतो, असं तिचं म्हणणं. गाणारे दुसरे आणि घसा हिचा कसा बसेल, हे धाकटीनं विचारलं नाही. उथळ बाजूला ताईनं तलावाचा काठ घट्ट धरून ठेवला होता, पण 'घरा मिस्तरी आला' सुरू झालं तेव्हा तिचे दोन्ही हात आपोआप टाळ्यांना सुटले आणि ती उतारावरून सरळ खोलात गेली. तिथे एका अनोळखी पोरीनं तिला खांद्याला धरून उडवलंसुद्धा.

"चाल चांगली बांधली होतीस गं," ती धापा टाकत धाकटीच्या कानात म्हणाली. "पण शब्दांचं वाटोळं केलंय."

मागच्या खोलीत ताईनं टपालवालीला अर्धा तास सोडलं नाही. कोणत्या वर्षी, कुठल्या गॅरेजमध्ये, स्कूटर कुठल्या रंगाची, मावसबहीण कुठल्या ठेक्याला नेहमी चुकायची. शिक्केवाला म्हणाला, "तिसऱ्या ओळीनंतर एक ठोका जास्त पडतो, तो त्यांचाच का? आम्ही तोही बसवलाय, मुद्दाम असेल म्हणून."

"मुद्दाम कसला. तिला शिंक आली होती," ताई म्हणाली.

इथे टपालवाली थोडी वरमली. तिनं दोघींना बसायला खुर्च्या दिल्या. "गाणं तुमचं, मान्य. पण शब्दाचं काय? तुम्ही दोघी बहिणी, एकमेकींची बाजू घेणारच. आणि खरं सांगू? आमच्या डोक्यात ते मिस्तरीच बसलंय. लिहिलं कुणी?"

"हिनं," ताई म्हणाली. "माझ्यासाठी."

धाकटीनं बुटाची नाडी सोडली आणि पुन्हा बांधली.

"मग असं करा," टपालवाली म्हणाली. "तो इस्त्रीवाला आहे ना अजून?"

"आहे म्हणजे? घरी भात लावून बसलाय."

"त्यालाच आणा उद्या. तो म्हणाला माझ्यावरचं गाणं आहे, तर आम्ही बदलतो. सगळ्यांसमोर त्याला स्टेजवर घेतो."

ताईचा चेहरा उजळला आणि धाकटीचा पडला. परत जाताना ताई, भावजींना कुठला शर्ट घालायला लावायचा यावर बोलत होती. धाकटी हं हं करत होती. उद्या तो माणूस दिव्याखाली उभा राहणार, सगळा तलाव त्याच्यासाठी तिचेच शब्द गाणार, आणि आपण मागे उभ्या राहून वरचा सूर लावणार. वयाच्या अठराव्या वर्षी हे एकदा झालेलं पुरे नव्हतं का? रात्री नवरा म्हणाला, "मान दुखतेय का? तोंड असं काय?" तिनं हो म्हणून सांगितलं. मानेवर ढकलणं सोपं होतं.

तिसऱ्या रात्री भावजी आले. निळा शर्ट, बाह्यांची धार अशी की कागद कापला जावा. केस मागे वळवलेले, कपाळ बरंच वर गेलेलं. आपल्याला काय बोलायचंय याची त्यांना कल्पना नव्हती. ताईनं नुसतं 'एक जण तुला काहीतरी विचारणार आहे' एवढंच सांगितलं होतं. कपडे बदलायच्या खोलीत शिरल्यावर त्यांनी सवयीनं शिक्केवाल्याच्या खांद्यावरची सुरकुती हातानं सपाट केली.

"काका," टपालवालीनं विचारलं, "यांचं ते गाणं आठवतं का तुम्हाला? कॅसेटवरचं?"

"आठवतं म्हणजे. पहिल्या रांगेत उभा होतो मी."

"सुरुवातीचे शब्द काय होते?"

भावजींनी ताईकडे पाहिलं. जरा अवघडले. मग म्हणाले, "जाऊ द्या ना आता. जुनी गोष्ट आहे."

"सांग," ताई म्हणाली. "लाजतोस काय?"

"घरा मिस्तरी आला," भावजी म्हणाले.

शिक्केवाल्यानं हातातली ड्रमची काडी खाली ठेवली.

"काय?" ताई म्हणाली.

"तेच ना? घरा मिस्तरी आला, कडी माझी मोडू नको. तुमच्याकडे तेव्हा तो मिस्तरी यायचा, न्हाणीघराच्या फरश्या बसवायला. उंच, कुरळ्या केसांचा. मी कपडे द्यायला आलो की तू त्याला पाणी देत असायचीस. आणि त्या दिवशी तू स्टेजवर असं काही गायलीस की मी म्हटलं, झालं, ही गेली. रात्रभर झोप नाही. सकाळी गठ्ठ्यात चिठ्ठी घातली. म्हटलं, फरश्या संपायच्या आत आपलं काहीतरी व्हायला पाहिजे."

ताई खुर्चीत बसली. "अठ्ठावीस वर्षं तुला वाटतंय, ते गाणं मिस्तरीवर होतं?"

"मी कधी बोललो का काही? म्हटलं, निवडलं तर तू मलाच. उगाच कशाला उकरून काढा."

"आणि मी बारशाबारशांत सांगते, तेव्हा तू काय ऐकतोस?"

"तू 'गाण्यामुळे आमचं जमलं' म्हणतेस. गाण्यामुळेच जमलं की."

धाकटीला आधी नुसती उचकी लागल्यासारखं झालं. मग हसू असं फुटलं की तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला, आणि भिंतीवरून ती सरकत लाकडी बाकावर बसली. त्याला कळलंच नव्हतं. त्यानं शब्द ऐकून गाणारीला निवडलं वगैरे काही झालंच नव्हतं. शब्द त्याच्यापर्यंत पोचलेच नव्हते. गॅरेजमधून त्या कार्यक्रमाला नेलेला फुटका स्पीकर, आणि एक म. इतकी वर्षं ती ज्या उत्तरावर रुसून बसली होती, ते उत्तर कुणी दिलंच नव्हतं. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत ती हसली आणि मग तिला फार मोकळं वाटलं.

"हिला काय झालं?" भावजींनी विचारलं.

"इस्त्रीवाला होतं ते," ताई म्हणाली. "गरम इस्त्रीवाल्या. तुझ्यावर होतं, येड्या."

भावजींनी शर्टाची कॉलर चाचपली. मग हळूहळू कानांपर्यंत लाल झाले. "माझ्यावर?" ते म्हणाले. "कुणीतरी गाणं केलं माझ्यावर?"

टपालवालीनं घड्याळ पाहिलं. "आमचा नंबर आलाय. आजच्या दिवस तुम्ही दोघी चला वर. जे गायचं ते गा."

ताईनं तोंड उघडलं, आणि त्यातून घोगरी हवा बाहेर आली. कालच्या अर्ध्या तासाचं भांडण आणि आत्ताचं मिळून घसा खरंच बसला होता. तिनं रुमाल घट्ट केला आणि धाकटीला माइककडे ढकललं. "तू गा. मी वरचा सूर बघते. लागला तर लागला."

धाकटी आजवर कधी पुढे उभी राहिलेली नव्हती. पुढून तलाव फार वेगळा दिसत होता. उथळ बाजूपासून तिच्याकडे घसरत येणारी डोकीच डोकी. शिक्केवाल्यानं चार ठोके दिले. तिनं डोळे मिटले, आणि जिच्याकडे लोक चष्म्यासाठी येतात त्या बाईच्या मानानं तिनं फारच बेधडक सुरुवात केली. गरम इस्त्रीवाल्या, घडी माझी मोडू नको. एकेक अक्षर सुटं, स्वच्छ, जसं ती तक्त्यावरची शेवटची ओळ वाचून दाखवायची तसं.

आणि सगळा तलाव प्रेमानं, जोरानं, एका सुरात तिच्यावर चढून ओरडला: घरा मिस्तरी आला.

दोन रात्रींत त्यांचं पाठ झालं होतं. आता त्यांना कोण थांबवणार. धाकटीनं पुढच्या फेरीला आणखी स्पष्ट म्हणून पाहिलं, लोकांनी आणखी मोठ्यानं मिस्तरी आणला. तिनं टपालवालीकडे पाहिलं. तिनं खांदे उडवले आणि इस्त्री म्हणायला तोंड उघडून सवयीनं मिस्तरीच म्हणाली. खाली, उथळ कडेला, निळ्या शर्टातले भावजी टाळ्या देत होते, दर वेळी अर्धा ठोका उशिरा. ओठांवरून दिसत होतं, तेसुद्धा मिस्तरीच म्हणत होते. ताईचा वरचा सूर एकदाच लागला, पण तो असा लागला की टपालवालीनं वळून पाहिलं.

संपल्यावर लोक बराच वेळ ओरडत राहिले. टपालवालीनं मागच्या खोलीत धाकटीला विचारलं, बाकीची तीन गाणी नीट लिहून द्याल का, म्हणजे पुढच्या वर्षी घोळ नको. धाकटी म्हणाली, "देते. आणि एक-दोन नवीन सुचली तर?" टपालवाली म्हणाली, "सुवाच्य अक्षरात."

तिघं चालत निघाले. भावजी पुढे, शीळ घालत. मागे दोघी. ताईनं धाकटीचा दंड धरला आणि उरलेल्या घोगऱ्या आवाजात, पुढे ऐकू जाणार नाही अशा बेतानं, म्हणाली, "तू गात होतीस तेव्हा मी तुझ्याकडे बघत होते. मी गायचे, ते असं नसायचं. तुला तो आवडायचा का गं?"

धाकटीनं दोन पावलं टाकली. मग म्हटलं, आता कसला पडदा. "हो."

"किती?"

"म्हणजे किती दिवस? दोनेक महिने असेल."

ताई जागच्या जागी थांबली. "दोनच महिने?"

"ताई, मी अठरा वर्षांची होते."

"म्हणून काय झालं? त्याच्यासारखा माणूस, आणि दोन महिन्यांत विटलीस? का? काय कमी होतं त्याच्यात?"

धाकटीनं सांगून पाहिलं की कमी काही नव्हतं, लग्न ठरलं म्हणून तिनं मन काढून घेतलं. ताईला ते पटेना. मन काढून घ्यायचं होतं तर निदान सहा महिने तरी लावायचे, असं तिचं म्हणणं. शेवटी चौकापर्यंत धाकटीला आपल्या भावजींचे गुण एकेक करून सांगावे लागले: स्वभाव, सचोटी, शर्टाची घडी, तरुणपणचे केस. केसांपाशी ताईचं समाधान झालं, तेव्हा कुठे तिनं हिचा दंड सोडला आणि घरी जाऊ दिलं.